दप्तरदार

परदेशातल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात कागद टाकवत नाही असा एक गृहस्थ असतोच. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये त्यांना सगळे दप्तरदार म्हणतात. हे आडनाव नव्हे, पदवी आहे, आणि ती त्यांनी तळघरातल्या अकरा खोक्यांच्या जोरावर मिळवली आहे. पहिल्यांदा अमेरिकेत उतरले त्या दिवशीची विमानातल्या बॅगेची चिठ्ठी त्यांच्याकडे अजून आहे. बॅग हरवली. चिठ्ठी आहे.

बालपण पुण्याच्या सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळापासून हाकेच्या अंतरावर गेलेलं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, माळ्यांवरचे कागदांचे रुमाल सोडून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड कसे काढले, हे ते हॉटेलचं बिल तपासतानाही सांगतात. आपण मोठ्या उत्साहाने काही सांगायला जावं, तर चष्म्यावरून बघत विचारतात, “ही बखर झाली. अस्सल कागद आहे का?”

अशा माणसाने नवी गाडी घेतली. देवळाच्या पार्किंगमध्ये रीतसर पूजा झाली. चार लिंबं चाकांखाली चिरडली आणि पाचवं चालवत घरी आणलं, हे मात्र तिसऱ्या आठवड्यात कळलं. सिग्नल हिरवा झाला की गाडी आधी विचार करायची, मग मागून रेड्याने ढुशी दिल्यासारखा गचका खाऊन निघायची. वहिनींच्या मांडीवरचं वरणाचं पातेलं एकदा थेट डॅशबोर्डावर गेलं.

अमेरिकेत अशा जन्मजात खोडीच्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात. ग्राहकाला दाद मागता यावी म्हणून कनेटिकटने १९८२ साली पहिला लेमन लॉ केला, मग बाकीच्या राज्यांनीही केले. न्यू जर्सीचा हिशेब असा: नवी गाडी घेतल्यापासून दोन वर्षं किंवा २४,००० मैल, यातलं जे आधी संपेल त्याच्या आत एकच दोष तीनदा दुरुस्तीला जाऊनही राहिला, किंवा गाडी एकूण २० दिवस गॅरेजात पडून राहिली, तर कंपनीला शेवटची एक संधी सर्टिफाइड पत्राने द्यायची. पत्र पोचल्यापासून दहा दिवसांत तिला जमलं नाही, तर पैसे परत मागायचे. सगळं सिद्ध करायचं कागदावर.

ऐकून दुसरा कोणी धास्तावला असता. दप्तरदारांचा चेहरा साखरपुड्याच्या दिवशीसारखा उजळला.

सुरुवात कुळापासून झाली. गाडीचा सतरा अक्षरी व्हीआयएन नंबर म्हणजे तिचं गोत्र-प्रवर. पहिलं अक्षर देशाचं, दहावं मॉडेलच्या वर्षाचं, अकरावं कारखान्याचं. त्यात आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, कारण एक आणि शून्याशी घोटाळा होतो. त्या वर्षीच्या दिवाळी फराळाला ते टॉर्च घेऊन पाहुण्यांच्या गाड्यांच्या काचांत डोकावत होते. जपानी गाडी म्हणून मिरवणाऱ्या एकाला त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “तुमचा नंबर तीनने सुरू होतो. ही मेक्सिकोत जन्मलेली आहे.” तो गृहस्थ चकली न संपवता उठला.

मग केंद्र सरकारच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या नोंदी पालथ्या घातल्या. गाडी परत बोलावल्याची घोषणा नव्हती. पण कंपनी आपल्या डीलरांना तांत्रिक पत्रकं पाठवते, त्यांतल्या एकात त्यांना तोच गचका सापडला: थांबून निघताना, इंजिन गरम असताना, पहिल्या गिअरला. रात्री साडेअकराला त्यांचा मला फोन. “घरचाच साक्षीदार फुटला हो!” औरंगजेबाच्या छावणीतला खलिता हाती लागल्यासारखा आवाज होता.

पुढे डीलरचे दुरुस्तीचे कागद निघाले, आणि तिथे दप्तरदार पहिल्यांदा दुखावले. प्रत्येक कागदाची सुरुवात ‘कस्टमर स्टेट्स’ने. ग्राहक असं म्हणतो. म्हणजे डीलरच्या लेखी बखरकार हेच! खाली शेरा, ‘कुड नॉट डुप्लिकेट’. आम्ही चालवली तेव्हा काही झालं नाही. घरी रात्रभर खोकणारं पोर डॉक्टरांसमोर गुणी बाळ होतं, तसंच गाडीचंही होतं.

त्याहून वाईट म्हणजे तीन कागदांवर तीन तक्रारी. एकदा गचका, एकदा आवाज, एकदा ‘गिअरबद्दल शंका’. एकच दोष तीनदा, हे कलम त्यामुळे डळमळीत झालं. राहिला वीस दिवसांचा रस्ता. दप्तरदारांनी आत-बाहेरच्या तारखा मांडल्या, बेरीज केली, पुन्हा केली. सतराच.

आठ दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी वहिनींनी कांदा चिरता चिरता विचारलं, “किती म्हणालात, सतरा? बावीस आहेत.”

“कशावरून?”

वहिनींनी सुरीनेच फ्रिजकडे दाखवलं. तिथे कालनिर्णय टांगलेलं होतं. पुण्यात सासूबाईंच्या हाताखाली दुधाचे खाडे मांडायची सवय लागलेली. इथे दूधवाला नाही, म्हणून गाडीचे खाडे मांडले होते. गाडी नसेल त्या दिवशी शेजारणीच्या गाडीतून कामावर जावं लागायचं, तिला पेट्रोलचे पैसे द्यायचे म्हणून फुली. चतुर्थ्या-एकादश्यांच्या मधून बावीस फुल्या. गाडी कागदावर दुरुस्त झाली होती, पण पार्टची वाट बघत डीलरच्याच अंगणात उभी होती, ते पाच दिवस डीलरच्या हिशेबात नव्हते, वहिनींच्या होते.

त्या तारखा धरून दप्तरदारांनी फोनमधले जुने निरोप उकरले. ‘पार्ट अजून आला नाही, उद्या कळवतो.’ पाचही दिवस जुळले. अकरा खोकी धुंडाळणाऱ्या संशोधकाचं अव्वल साधन स्वयंपाकघरात चुंबकाला लटकत होतं, आणि त्याच्यावर फोडणीचा डाग होता.

कॅलेंडरची पानं अर्जाला पुरावा म्हणून जोडायची, तर इंग्रजी भाषांतर हवं. स्वतः पक्षकार असल्यामुळे ते काम त्यांनी मला दिलं. मी फुल्या उतरवल्या, ‘गाडी नाही’ उतरवलं, आणि तिसऱ्या पानावर थबकलो. डीलरने नुसतं पाणी लावून गाडी परत दिली होती, त्या दिवसाच्या चौकोनात वहिनींनी लिहिलं होतं, ‘आधीच म्हटलं होतं लेखी घ्या. ह्यांना सांगून उपयोग नाही.’ पुढेही तसंच. एकूण नऊ ठिकाणी.

“ही वाक्यं गाळू ना?” मी हळूच विचारलं.

दप्तरदार ताठ झाले. “अस्सल कागदात काना-मात्रेचा फेरफार चालत नाही. जसं आहे तसं.”

नऊही वाक्यं गेली. सुनावणीची वेळच आली नाही. कंपनीने गाडी परत घेतली, वापराची वजावट करून पैसे दिले. मधे फक्त एकदा कंपनीच्या वकिलाची विचारणा आली: भाषांतरात नऊ वेळा ‘त्यांना’ आलं आहे, ही मंडळी नेमकी कोण?

दप्तरदारांनी खुलासा स्वतःच्या हाताने लिहिला, तारीख घातली, सही केली, आणि एक प्रत दप्तरी ठेवली. ‘मूळ मराठीत ‘ह्यांना’ असे आहे. हा आदरार्थी प्रयोग असून त्याचा अर्थ अर्जदार असा घ्यावा.’