गुणिले १.१५९

काही वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेतल्या कितीतरी लॅब किडनीच्या एकाच तपासणीचा निकाल दोन ओळींत छापायच्या. एका ओळीत रुग्ण ‘आफ्रिकन अमेरिकन’ असल्यास येणारा आकडा, दुसरीत नसल्यास येणारा. रक्त एकच, वय तेच, आणि क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारं आणि किडनीने गाळायचं टाकाऊ द्रव्य, तेही तेवढंच. किडनी किती काम करते याचा आकडा एका ओळीत १९ असेल तर दुसरीत २२. हे वरचे तीन गुणाकारातून आलेले: कृष्णवर्णीय असाल तर गुणिले १.१५९.

हे तीन किती महाग पडायचे बघा. किडनीचं काम २० किंवा त्याखाली उतरलं, की तिथल्या प्रत्यारोपणाच्या यादीत तुमचा प्रतीक्षाकाळ मोजायला लागतात. नाहीतर मग थेट डायलिसिसवर गेल्यावर. दात्याची किडनी कुणाला द्यायची हे ठरवताना या काळाला मोठं वजन असतं. १९ आकडा आलेला गोरा माणूस आज रांगेत लागला. त्याच्याच वयाचा, तेवढंच क्रिएटिनिन असलेला कृष्णवर्णीय माणूस कागदावर २२, म्हणून रांगेबाहेर. त्याची किडनी आणखी खराब होईपर्यंत त्याने थांबायचं. आणि गरज कुणाला जास्त? लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३ टक्के, किडनी निकामी झालेल्यांत मात्र ३० टक्क्यांहून अधिक.

हे सूत्र कुणी आकसाने रचलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच. १९९९ साली नामवंत संशोधकांनी ते मांडलं. त्यांच्या अभ्यासात किडनी तेवढीच चालत असतानाही कृष्णवर्णीयांचं क्रिएटिनिन जास्त दिसलं. त्यांचे स्नायूच जास्त असतात, असं कारण दिलं गेलं. ते कारण पक्कं सिद्ध व्हायची वाट कुणी पाहिली नाही. सूत्र पाठ्यपुस्तकात गेलं, तिथून लॅबच्या संगणकात. २००९ मध्ये सुधारित सूत्र आलं तेव्हा गुणक थोडा उतरून १.१५९ झाला, गेला नाही. डॉक्टर चेहरा बघणार किंवा फॉर्मवरची खूण बघणार, आणि ओळ निवडणार. आई कृष्णवर्णीय आणि वडील गोरे असतील तर कोणती ओळ वाचायची, याला सूत्राकडे उत्तर नव्हतं. न्यू जर्सीत राहणारे आपले जोशी, पाटील, कांबळेही त्यात होतेच. सूत्राला माणसांचे दोनच प्रकार ठाऊक, कृष्णवर्णीय आणि बाकीचे. आपली माणसं गोऱ्यांच्या ओळीत मोजली गेली आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही.

स्टोकली कार्माइकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ साली ‘ब्लॅक पॉवर’ या पुस्तकात ‘संस्थात्मक वंशवाद’ ही कल्पना मांडली. त्यांचा मुद्दा असा: बर्मिंगहॅममध्ये चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींना मारणाऱ्यांचा धिक्कार सगळेच करत होते. त्याच शहरात अन्न, निवारा आणि औषधपाण्यावाचून दरवर्षी शेकडो कृष्णवर्णीय बाळं दगावत होती, त्याबद्दल मात्र कुणावरच खटला उभा राहत नव्हता. किडनीचं सूत्र याच जातीचं. फरक एवढाच की इथे अन्याय दशांश चिन्हापर्यंत मोजता आला.

मोजता आला म्हणून पकडताही आला. समाजशास्त्र आणि कायद्याच्या अभ्यासक डोरोथी रॉबर्ट्स जाहीर व्यासपीठांवरून हा प्रश्न विचारत राहिल्या. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांना वर्गातच धारेवर धरलं. २०२१ मध्ये वंशाचा रकाना नसलेलं सूत्र आलं, २०२२ मध्ये अवयव वाटपाच्या राष्ट्रीय यंत्रणेने जुन्या गुणाकाराला बंदी केली. बहुतेक संस्था इथे हात झटकून मोकळ्या झाल्या असत्या. ही यंत्रणा थांबली नाही. जानेवारी २०२३ पासून तिने प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला जुनी दप्तरं उघडायला लावली. यादीतल्या कोणत्या कृष्णवर्णीय रुग्णाची किडनी खरोखर केव्हा २० वर आली होती ते शोधा आणि तेवढा काळ त्याच्या खात्यात जमा करा, असा हुकूम निघाला. मार्च २०२४ पर्यंत १४ हजारांहून जास्त लोकांना हा काळ परत मिळाला, सरासरी दोन वर्षं. त्यातल्या काहींना त्यामुळेच किडनी मिळाली. यादीत नाव लागण्याआधीच जे गेले, त्यांच्या खात्यात जमा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता आपल्याकडे या. इथे नोकरभरतीत असाच अन्याय मोजला गेलाय. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली, मुस्लिम नावाला तर दोन तृतीयांशाने. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांना गाठलं. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं ते सांगत होते आणि उमेदवाराच्या घरची पार्श्वभूमीही विचारत होते. वडील काय करतात, घरात कोण कोण शिकलेलं आहे.

यावर ‘आमच्या मनात तसं काही नाही’ हे उत्तर ऐकून मला वीट आलाय. मनाचं कुणी विचारलेलंच नाही. कंपन्यांनी गेल्या पाच वर्षांतले नाकारलेले अर्ज बाहेर काढावेत, नाव, आडनाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय झाकून दुसऱ्या माणसांकडून ते पुन्हा तपासून घ्यावेत. मुलाखतीला बोलवायला हवे होते असे जितके निघतील, तो आकडा वार्षिक अहवालात छापावा आणि त्या उमेदवारांना बोलावणं धाडावं.