पिस्तूल मागणाऱ्या अतिक्रमण पथकास

प्रति,
कामावर कमरेला पिस्तूल हवं असलेले महापालिकांचे सर्व अधिकारी व कर्मचारी,

कुठल्याही पालिकेच्या पथकावर हल्ला झाला की काळ्या फिती, लेखणी बंद आणि पाठोपाठ 'स्वसंरक्षणासाठी शस्त्र द्या' ही मागणी, असा क्रम आता ठरून गेला आहे. द्यावंच म्हणतो मी. 1959 च्या शस्त्र कायद्याचं 45 वं कलम कर्तव्यावरच्या लोकसेवकाला सूटही देतं. प्रश्न एवढाच, की आमच्या भिवंडीत कामतघरच्या रस्त्यावर ते रोखायचं कोणावर? भाजीवाल्यावर? त्याचा वजनकाटा उचलला की त्याचा दिवस गेला हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर टोपलीच्या आधी काट्यावर हात पडतो. त्या हातात पिस्तूल आलं तर कारवाईला शोभा येईल खरी. वाढीव मजल्याच्या बाबतीत मात्र तुमचं सौजन्य वाखाणण्यासारखं असतं. स्लॅबला दोन भोकं पाडायची, फोटो काढायचा, फाइल बंद करायची. पुढे ती भोकं कोण बुजवतं ते विचारायचं नाही. इतक्या समजुतीनं चालणाऱ्या कामाला शस्त्र कशाला हवं? 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीतच धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि चाळिसाच्या आसपास जीव गेले. मग दोन अधिकारी निलंबित झाले. त्या माणसांना वाचवायला गोळी लागत नव्हती. वेळेवर इमारत रिकामी करून घेणारा अधिकारी लागत होता.

तुम्ही म्हणाल, ठाणे महापालिकेच्या सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे यांना विसरलात का? नाही विसरलो. 30 ऑगस्ट 2021 रोजी ठाण्याच्या कासारवडवलीत फेरीवाल्यानं चाकूनं त्यांची बोटं छाटली. पण तेव्हा त्यांचा अंगरक्षक शेजारीच होता आणि त्याचंही बोट तुटलं. हातभर अंतरावरून अचानक आलेल्या वाराला पिस्तूल उत्तर देत नाही. ते कमरेवरून निघेपर्यंत सगळं झालेलं असतं. शस्त्रांनी माणूस सुरक्षित होत असता तर उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं सर्वांत सुरक्षित ठरलं असतं. 2 फेब्रुवारी 2024 रोजी तिथे वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच एका आमदारानं गोळ्या झाडल्या. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरमध्ये माजी नगरसेवकाचा खून झाला, तो अंगरक्षकाच्या पिस्तुलानं. अमेरिकेत व्हर्जिनिया बीचला 31 मे 2019 रोजी पालिकेच्याच एका अभियंत्यानं पालिकेच्या इमारतीत बारा जणांना मारलं. प्रशिक्षण देऊ, असं म्हणाल. 31 जुलै 2023 रोजी जयपूर-मुंबई गाडीत चौघांना ठार करणारा रेल्वे सुरक्षा दलाचा जवान प्रशिक्षितच होता आणि बंदूकही सरकारीच होती. राहिले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे. 25 जानेवारी 2011 रोजी तेलमाफियांनी मनमाडजवळ त्यांना भर दिवसा जाळलं. त्यांना पिस्तुलाची नव्हे, पोलिसांच्या तुकडीची गरज होती.

आणि इथे थट्टा पुरे. तुम्हाला असं मोकळं सोडतं कोण? पथकात टेम्पो असतो, हातोडा असतो, ठेक्यावरची चार पोरं असतात; बंदोबस्त मात्र 'उपलब्ध नाही'. फेरीवाला कायदा 2014 चा. त्यानुसार ज्यांनी सर्वेक्षण करून फेरीवाला क्षेत्रं आखायची ते दालनात बसतात आणि चाकूसमोर तुम्ही उभे राहता. वरून फोन आला की तुम्हीच अर्ध्यातून परत फिरता, आणि लोकांच्या शिव्याही तुम्हीच खाता. तुमचा जीव स्वस्त केला आहे तो या लोकांनी, हातगाडीवाल्यानं नव्हे. लोकसेवकावरच्या हल्ल्याची शिक्षा महाराष्ट्रानं 2018 मध्ये दोन वर्षांवरून पाच वर्षं केली होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 132 व्या कलमानं ती पुन्हा दोनवर आली. ही तीन वर्षं परत मागायचं सोडून तुम्ही काडतुसं मागता, याचा राग येतो. सरकारलाही हेच सोयीचं आहे. पिस्तूल एकदा तुमच्या कमरेला लटकलं की तुमच्या रक्षणाची जबाबदारी तुमचीच झाली.

तेव्हा विनंती अशी. पोलीस आले नाहीत तर कारवाईला जाऊ नका, आणि का गेलो नाही ते फाइलवर लिहा. स्लॅब वाचवायला फोन आला तर फोन करणाऱ्याचं नाव, वेळ आणि मजला तिथेच नोंदवा. असं एक नाव जरी फाइलवर आलं, तर पिस्तुलाचा अर्ज खुशाल पुन्हा करा. अनुमोदक म्हणून पहिली सही माझी.

आपला,
घरपट्टी वेळेवर भरणारा एक रहिवासी,
कामतघर, भिवंडी