पार्ट-वनवाले मामा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा नवा गेम लावून बसला की मामा फराळाची बशी घेऊन मागच्या सोफ्यावर येऊन टेकतात. दोन मिनिटं काही बोलत नाहीत. पडद्यावर पाऊस पडतोय, डबक्यात दिवे हलतायत, नायकाच्या दाढीचा केस न् केस दिसतोय. मग चकलीचा तुकडा मोडत मामा निकाल देतात, "पहिला भारी होता." गेम कुठला आणि हा भाग कितवा, हे त्यांनी अजून विचारलेलंही नसतं.

असा एक मामा आता बहुतेक घरांत असतो. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी बरी, गृहकर्ज निम्मं फिटलेलं, मानेला पट्टा. कॉलेज कुठलं झालं हे तो पटकन सांगणार नाही, पण सायबर कॅफे कुठला हे गल्लीसकट सांगेल. प्लायवुडचे कप्पे, दुसऱ्याच्या घामाने ओलसर झालेले हेडफोन, झिजून अक्षरं उडालेला कीबोर्ड आणि "दहा मिनिटं राहिली रे!" म्हणून गल्ल्यावरून ओरडणारा मालक. मामांचं खरं शिक्षण तिथे झालं.

त्यांचं दैवत म्हणजे आयजीआय. इनरलूप स्टुडिओज नावाच्या नॉर्वेतल्या कंपनीने २००० साली काढलेला हा गेम आपल्याकडच्या कॅफेंत इतका चालला की नॉर्वेत तरी तेवढा चालला असेल का, अशी शंका येते. डेव्हिड जोन्स नावाचा गडी एकटाच शत्रूच्या तळात घुसतो. चौदा मिशनं. मिशन चालू असताना मध्ये सेव्ह करायची सोय नाही. अगदी शेवटच्या दाराशी गोळी लागली तरी पुन्हा कुंपणापासून सुरुवात. त्यात आपलं लोडशेडिंग! दार उघडून आत पाऊल टाकावं आणि वीज जावी. मामांनी हे सगळं सोसलंय आणि त्याचं त्यांनी व्रत करून टाकलंय. "एक गोळी झाडायची तर आधी विचार करायचो आम्ही," ते सांगतात. "तुमचं काय रे, मेलात की लगेच उठता."

२००३ साली आयजीआयचा दुसरा भाग आला. मिशनं एकोणीस झाली, लिबिया-चीनपर्यंत मजल गेली, मित्रांबरोबर नेटवर्कवर खेळता येऊ लागलं आणि मिशनच्या मध्ये सेव्ह करायची मुभा मिळाली, तीही मोजूनमापून. खरं तर पहिल्या भागावर परीक्षणं लिहिणाऱ्यांनी ओरड केली होती ती नेमकी याच गोष्टींची : सेव्ह नाही, मित्रांशी खेळता येत नाही. कंपनीने ती मुकाट्याने ऐकली. मामांची पंचाईत इथेच आहे. दुसरा भाग निघतो तो पहिल्याच्या खोडी काढून टाकायला आणि मामांचा जीव जडलेला असतो नेमका त्या खोडींवर. आयजीआय-२ त्यांनी दोन मिशनांत सोडला. "सेव्ह दिलं की माणूस बेफिकीर होतो," एवढंच कारण. आणि इनरलूप त्याच वर्षी बंद पडली, हे कळल्यापासून तर त्यांना आवरणं कठीण झालंय. "बघ, दुसरा पार्ट काढला की काय होतं ते!" (कंपनी बंद पडायला व्यवहारातली आणखीही कारणं असतात, हे गृहकर्ज घेतलेल्या माणसाला मी कशाला सांगू?)

जीटीए मालिकेचा विषय निघाला की मामा तिच्यातल्या 'व्हाइस सिटी'वर येतात. सॅन अँड्रियास मोठा, पण पसरट. पुढचे तर विचारूच नका. "मूळ ते मूळ." एकदा भाच्याने हळूच सांगून पाहिलं, "मामा, व्हाइस सिटी २००२ चा. पहिला जीटीए १९९७ चा, त्याच्यानंतर दोन आला, मग तीन. तुमचं मूळ चौथ्या मजल्यावर आहे." मामा म्हणाले, "तो आमच्या कॅफेत नव्हता." म्हणजे मुद्दा संपला. नीड फॉर स्पीडचंही तेच. त्यांच्या लेखी ती मालिका २००५ च्या 'मोस्ट वाँटेड'पासून सुरू होते. १९९४ पासून त्याआधी निघालेले सगळे भाग हा पुराणकाळ.

बरं, ज्या व्हाइस सिटीची ते शपथ घेतात, ती त्यांनी पाहिली कुठे होती? फुटपाथवरून आणलेल्या एका सीडीत. त्या सीडीत मावावा म्हणून कोणीतरी गेममधली गाणी कापून टाकली होती. तेव्हाच्या खऱ्या गेममध्ये गाडीत बसलं की रेडिओ लागायचा, मायकल जॅक्सनपासून ऐंशीच्या दशकातली सगळी मंडळी गायची. मामांच्या गाड्या मात्र मुक्या होत्या. म्हणून ते अजून म्हणतात, "तेव्हाचे गेम किती शांत होते!" आजच्या पोरांना कष्ट नकोत, हे त्यांचं दुसरं लाडकं वाक्य. स्वतः मात्र पँझरचा चीट कोड टाकून रणगाड्यातून शहर हिंडले. खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने चार बॉम्ब ठेवायचं जे मिशन आहे, तिथे ते अडकले ते अडकलेच. गेमचा नायक टॉमी, त्याचं पुढे काय झालं, हे मामांना आजतागायत माहीत नाही.

कधीकधी मामा बरोबरही असतात आणि तेव्हा त्यांच्या तोंडाला लागू नये. प्रिन्स ऑफ पर्शियाचं घ्या. २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' म्हणजे एखाद्या दास्तानसारखा : काळ मागे फिरवणारा खंजीर, चुकलं की "नाही नाही, असं नव्हतं झालं" म्हणणारा राजपुत्र, सोबत भारतातल्या महाराजाची मुलगी फराह आणि दोघांची सततची नोकझोक. पुढच्याच वर्षी 'वॉरियर विदिन' आला तर फराह गायब, राजपुत्र गुरगुरतोय आणि मागे गॉडस्मॅक बँडची गिटार किंचाळतेय. मारामारी सुधारली, मान्य. पण खुद्द या मालिकेचा जनक जॉर्डन मेकनर यानेही त्यातला हिंसाचार आणि एकूण थाट आपल्याला रुचला नसल्याचं उघडपणे सांगितलं होतं. इथे मी मामांच्या बाजूने आहे. फक्त त्यांच्यापुढे हे बोलत नाही, कारण 'सँड्स ऑफ टाइम' हाही पहिला नव्हे. पहिला मेकनरचाच, १९८९ चा.

आणि मग येतो एज ऑफ एम्पायर्स. १९९७ च्या पहिल्या भागात गावकरी एकेक करून मागवावे लागत. एक तयार होईपर्यंत थांबा, मग पुन्हा क्लिक. तटबंदी बांधता येई, पण तिला दरवाजा नसे. आपलेच सैनिक आत कोंडले जात. १९९९ च्या दुसऱ्या भागात दरवाजे आले, रांग लावायची सोय आली, रिकामा बसलेला गावकरी शोधून देणारं बटण आलं. जगात एखादा दुसरा भाग पहिल्यापेक्षा निर्विवाद सरस असेल तर तो हा. मामा तरीही हटले नाहीत. "तटाला दार कशाला हवं? दार आलं की शत्रू आला."

परवा मामींनी मात्र घरातली बातमी फोडली. रात्री सगळे झोपले की मामा लॅपटॉप उघडून एज ऑफ एम्पायर्सच खेळतात, आणि तोही दुसरा भाग, २०१९ ची नवी आवृत्ती, पैसे भरून घेतलेली. भाच्याने जाब विचारला तेव्हा मामा जराही ओशाळले नाहीत. "अरे, आमच्या कॅफेत आधी दोनच आला होता. एक मी नंतर बघितला."

तेव्हा तुमच्या घरी असा मामा आला, तर वाद घालू नका. रिमोट हातात देऊ नका, "हा खेळून तरी बघा" असा आग्रहही नको. आयजीआयच्या पहिल्या मिशनमध्ये आत कसं शिरायचं, एवढंच विचारा. मात्र जेवणं आधी उरकून घ्या.