दुसऱ्या बीपची वाट

2006 च्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाने मालवणात लिनक्स घातलं. ही वार्ता कोणाच्या कानावर जायची राहू नये, याची काळजी त्याने मासळीबाजारापर्यंत घेतली. ‘विंडोज काढून टाकलं,’ असं तो सांगे, आणि ऐन आषाढात ह्याने खिडक्या कशाला काढल्या, हे समोरच्या मावशीला कळत नसे.

लॅपटॉप मस्कतच्या भावाचा, जुना. सोबत नेटवर्कचं पीसी कार्ड: एटीएम कार्डाएवढं लांब-रुंद, 5 मिलिमीटर जाड, एका टोकाला 68 बारीक भोकं. दुसऱ्या टोकाला केबलची सुटी शेपटी, जी हवी तेव्हा हमखास कुळथाच्या डब्यामागे सापडे. या कार्डांचं मानक ठरवणारी पीसीएमसीआयए ही संघटना 1989 ची. ते नाव इतकं जिभेवर बसेना, की संगणकवाल्यांची आद्याक्षरं माणसाच्या लक्षात राहत नाहीत, अशीच त्याची फोड जाणकार थट्टेने करत.

डेबियन या लिनक्सची सार्ज ही आवृत्ती जून 2005 ची. सीडी छोटी, उरलेला संसार नेटवर्कवरून आणायचा. नेटवर्क कार्डावर, आणि कार्डाची खाच चाचपतानाच इन्स्टॉलर जागीच गोठलेला. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! काही लॅपटॉपांना षोडशमान 800 ते 8एफएफ हे पोर्ट वगळायला सांगावं लागतं, असं माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं. पण पुस्तिका वाचणं हे नवशिक्यांचं काम. लेखकाने ती चौथ्या रात्री उघडली, पोर्ट वगळले, आणि लिनक्स एकदाचं बसलं. कार्ड मात्र चालेना.

इथे गाऱ्हाण्याविषयी बोलायलाच हवं. मालवणी मुलखात कुठल्याही कार्यारंभी देवाला गाऱ्हाणं घालतात. ग्रामदेवता, कुळदेवता, पूर्वज, वेशीवरचे राखणदार, सगळ्यांना हाक द्यायची, तीही मानाच्या क्रमाने. प्रत्येक मागण्याला जमलेले ‘होय म्हाराजा’ म्हणतात. क्रम चुकला, की म्हातारे खाकरतात. संगणक सुरू होताना हेच करतो, फक्त नारळ नसतो. तेव्हा कार्ड सांभाळणारा कार्डएमजीआर हा प्रोग्रॅम तर ‘होय म्हाराजा’ही म्हणे: कार्ड ओळखलं की एक उंच बीप, जुळणी झाली की दुसरी. बिघडलं, तर दुसरी बीप खालच्या पट्टीत, आजारी बेडकासारखी.

पुढे महिनाभर रोज बेडूकच. रोज खाच पुसणं, रोज खाऱ्या हवेला शिव्या. आई मात्र दर रात्री स्टूल ओढून शेजारी बसे. मस्कतला नातू झाला होता आणि त्याचा फोटो मेलमध्ये अडकला होता. “झिला, गावलो काय रे?” एवढंच विचारी. ते ऐकून लेखकाला स्वतःच्या हुशारीची खरीखुरी लाज वाटली.

कारण खोट खाऱ्या हवेत नव्हती. जाणकारीच्या भरात त्याने स्वतःच एका फायलीत ‘ऑटो ईटीएच झिरो’ लिहून ठेवलं होतं. त्यामुळे कार्ड जागं होण्याआधीच नेटवर्कला हाक जाई, आणि मग सगळाच गोंधळ. मानकरी यायच्या आधीच पालखी उचललेली! सुट्या कार्डाला ती ओळ नको होती, कार्डएमजीआर बघून घेई.

ओळ पुसली. बीप. पुन्हा बीप, उंच.

फोटो वरून खाली उतरू लागला. टोपडं आलं, कपाळ आलं, डोळे आले, आणि वीज गेली. मोडेम मेला. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर जागा, पडद्यावर अर्धा नातू.

आई जवळ सरकली. “डोळे आमचेच आसत,” ती म्हणाली. “नाक उद्या बगूया.”