समुपदेशनाचा अतिरिक्त कार्यभार

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं: १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वगैरे हवाच. पगाराचं विचाराल, तर न्यायालय निकाल देतं, अनुदान नव्हे.

आपल्याकडे अशा वेळी एक पद न भरताही भरतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी खिचडीचा तांदूळ मोजतात, यूडायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरतात, मतदारयादी घेऊन दारोदार हिंडतात. मग मुलांची मनंच तेवढी का सोडायची? दोन दिवसांचं प्रशिक्षण होईल, चहा-बिस्किटं, प्रमाणपत्र, ग्रुपवर फोटो. आणि मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसलेल्या पोराला गुरुजी विचारतील, "काय होतंय रे बाळा? पटकन सांग, तीनच्या आत ऑनलाइन भरायचंय."