उशिराचा रस्ता

चांदनीला आमच्या मामांकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याच्यापुढे प्रश्न येतो, "रस्ता कसाय?" तब्येत, मुलांच्या परीक्षा, पाऊसपाणी हे सगळं नंतर. उत्तरही जरा बेतानं द्यावं लागतं. "ठीक आहे" एवढंच म्हणणारा पाहुणा इथं कोरडा समजला जातो. मामांना तपशील लागतो. झिरीजवळ गाड्या एका बाजूनं सोडत होते की दोन्ही? असीरगडाजवळ हायवा डंपर अडकलेला दिसला का? परवा पसरलेल्या मुरमावर रोलर फिरला, की तो तसाच पडलाय? मामा कागद कारखान्यातून निवृत्त झालेत आणि सहसा घर सोडत नाहीत. पण इंदूर–इच्छापूर महामार्गाची त्यांच्याइतकी ताजी खबर त्यावरून रोज जाणाऱ्यांकडेही नसते. शेवटी आपणच त्यांना विचारतो, "मामा, परतीला कुठून जाऊ?"

चांदनी नकाशावर सापडते ती रेल्वेमुळे. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की बऱ्हाणपूरनंतर असीरगड रोड, मग चांदनी, मग नेपानगर. हे रूळ 1866 सालीच खंडव्यापर्यंत पोचले. दीडशे वर्षांहून जास्त काळ गाड्या इथून धडधडत जातायत आणि बहुतेक जाताजाताच दिसतात. वेग कसा असतो हे चांदनीला त्यामुळे चांगलं ठाऊक आहे. तो वाट्याला फारसा येत नाही, एवढंच. कुठं जायचं तर रस्ताच धरावा लागतो, आणि रस्त्याचं चौपदरीकरण चालू आहे.

शेजारच्या नेपानगरच्या कारखान्यातून 1956 पासून वृत्तपत्राचा कागद निघू लागला. 1981 पर्यंत असा कागद करणारा देशात तो एकटाच होता. सातपुड्यातला बांबू आणि सालई शिजवून, लगदा करून तो कागद बनायचा. देशात कुठला कुठला रस्ता 'लवकरच पूर्ण होणार' या बातम्या त्या काळात जिथं जिथं छापल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी आमच्याच जंगलावर छापल्या गेल्या असणार. पुढे 2016 मध्ये नूतनीकरणासाठी कारखाना थांबला तो 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला. रस्ता रखडला म्हणून कुणी कुरकुर केली की मामा हाच दाखला देतात. "कारखान्याला सहा वर्षं लागली, आणि त्याला वर छप्पर होतं. रस्ता तर बिचारा उघड्यावर आहे."

रस्त्याची बाजू घेणारा माणूस आमच्या घराण्यात तेवढा एकच. पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधला हा तापीचा पट्टा काळ्या मातीचा. कापूस आणि केळीवर ती जेवढी माया करते, तेवढाच रस्त्याशी दावा मांडते. पावसाळ्यात जावयासारखी फुगते, उन्हाळ्यात आखडते आणि जाताना वरच्या डांबराला बोटभर रुंद भेगा देऊन जाते. म्हणून आधी ती उकरून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. त्यावर गिट्टीचे थर आणि सगळ्यात शेवटी डांबर किंवा काँक्रीट. लोकांच्या लेखी रस्ता म्हणजे तो शेवटचा हातभर थर. खाली गाडलेली मेहनत कुणी मोजत नाही. नवा रस्ता करायचा तर होता तोही आधी उखडावा लागतो, त्यामुळे पहिली बरीच वर्षं कामाची प्रगती खड्ड्यांच्या रूपानंच दिसते.

शिवाय ऋतू आहेत. पावसाळ्यात डांबर टाकत नाहीत. पावसाळा सरला की दसरा-दिवाळी. माणसं गावाकडे जातात आणि मागे पोकलेन माना खाली घालून उभी राहतात. थंडीत काम खरोखर वेग घेतं. मग होळीच्या आधी भगोऱ्याचे हाट भरतात, तेव्हा आदिवासी मजूर पाड्यावर परततात. जायलाच हवं; डांबर पुढच्या आठवड्यातही तापवता येतं, भगोऱ्या पुढच्या वर्षीच येतो. नंतर लग्नसराई. वरातीला रस्ता लागतो आणि रस्त्याला वरात अडवते. त्यानंतर पंचेचाळीस अंशांचं ऊन, ज्यात काँक्रीटवर अंथरलेली गोणपाटं भिजवायला टँकर लागतो आणि टँकर गावाला प्यायलाही लागतो. इतकं सगळं निभावून पुन्हा कामाला हात घालावा, तर सातपुड्यावर पहिला ढग येतो.

या सगळ्यातून गाडी हाकणं हे वेगळंच शिक्षण आहे. इथले चालक रस्ता बघत नाहीत, पुढच्या गाडीचा मागचा भाग बघतात. पुढचा ट्रक डावीकडे झुकला की उजवीकडे खड्डा, आणि ब्रेकचा दिवा दोनदा लुकलुकला की मोरी. वळणरस्त्याच्या तोंडाशी लाल-हिरवी झेंडी घेतलेला एक पोरगा उभा असतो. जेमतेम मिसरूड फुटलेली, तोंडाला गमछा, एका कानात गाणं. पण त्याची लाल झेंडी आमदाराची गाडीही मानते. समोरून हायवांची रांग सुटते आणि धूळ अशी उठते की घटकाभर सगळ्यांच्या गाड्या एकाच रंगाच्या होतात. समाजात समता आणायचे बरेच प्रयत्न झाले. इतकं झटपट यश दुसऱ्या कशाला आल्याचं मला तरी ठाऊक नाही.

मग मधेच दोन किलोमीटरांचा पूर्ण झालेला तुकडा येतो. काळाभोर, पांढरे पट्टे मारलेला, मधल्या दुभाजकात झाडंसुद्धा लावलेली. मघापर्यंत शहाण्यासारखी चाललेली माणसं तिथं एकदम बिथरतात. अल्टो ट्रकला मागे टाकते, ट्रक बसला, बस सगळ्यांना. हॉर्नचा नुसता कल्लोळ. तुकडा संपतो, पत्र्याचा बाण डावीकडे वळवतो आणि खालच्या कच्च्या रस्त्यावर सगळी मंडळी थोड्याफार फरकानं पुन्हा त्याच क्रमानं उभी असतात. एकमेकांकडे मात्र कुणी बघत नाही.

या रस्त्यावर सगळ्यात जपून चालते ती केळीची गाडी. बऱ्हाणपूर आणि रावेरचा सगळा हिशेब केळीवर. हिरवे घड कापून, खाली-वर पाला अंथरून ट्रक उत्तरेकडे निघतात. हिरव्या केळ्याला दणका बसला तर तिथल्या तिथं दिसत नाही. माल पिकायला लागला की साल तिथंच काळी पडते. असीरगडापाशी लागलेला खड्डा दिल्लीत पिकतो. तिथला व्यापारी भाव पाडतो आणि इथला शेतकरी झेंडी दाखवणाऱ्या पोराकडे बघून सुस्कारा टाकतो. या रस्त्याचं विनोदी वर्णन करताना एवढी एक जागा मला टाळून जावीशी वाटते, कारण तिथं हसू येत नाही.

उरलेल्यांनी मात्र अर्धवट रस्त्याशी बऱ्यापैकी जमवून घेतलंय. गाड्या जिथं थांबतात तिथं आधी एक मक्याची कणसं भाजणारी बाई आली. तिच्या मागोमाग चहा आला, मग पंक्चरवाला, मग थंड पाण्याच्या बाटल्या विकणारी पोरं. काम पुढे सरकलं की हा अख्खा बाजार शे-दोनशे मीटर पुढे सरकतो. उकरलेली काळी मातीही लोकांना हवीच असते. ज्याचं शेत हलकं, तो ती भरून घेतो.

अशाच मातीनं एकदा सगळ्या देशाचं लक्ष असीरगडाकडे वळवलं. फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' चित्रपट आला. संभाजी महाराजांनी 1681 साली बऱ्हाणपूर लुटलं, तो प्रसंग त्यात होता. इकडे महामार्गासाठी उकरलेली माती असीरगडच्या एका शेतात टाकलेली होती आणि त्या मातीत कुणाला जुनी नाणी सापडल्याची बोलवा उठली. मग काय विचारता! दिवस मावळला की माणसं कुदळ-फावडी, चाळण्या, बॅटऱ्या घेऊन शेतात उतरायची. धातू शोधायची यंत्रंही आली. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत उजेडाचे ठिपके शेतभर हलत राहायचे. शेवटी पोलिसांना मधे पडावं लागलं. महामार्गाच्या इतक्या वर्षांच्या कामात मजुरांची टंचाई नव्हती असे हेच काय ते दिवस, आणि तेव्हाही खोदकाम चुकीच्या जागी चालू होतं.

पण सोनं शोधणाऱ्यांचा अंदाज एका परीनं बरोबरच म्हटला पाहिजे. या रस्त्यावर सोनं होतंच. ते जमिनीत नव्हतं, थांबण्यात होतं. बऱ्हाणपूर हे थांबण्याचं गाव. उत्तरेतून दख्खनेत उतरणाऱ्याला सातपुडा ओलांडून इथं श्वास घ्यावाच लागे, आणि सुरतेहून आग्र्याला निघालेलेही बरेचजण इथूनच वळत. अकबरासारख्या बादशहाला असीरगडानं महिनोन्‌महिने पायथ्याशी बसवून ठेवलं. जानेवारी 1601 मध्ये किल्ला हाती आला तेव्हा कुठे त्याचा रस्ता मोकळा झाला.

इंग्रजांचा वकील टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरात सुरतेहून इथं पोचला. घाई होती, जहांगीर अजमेरात होता. वाटेत शहजादा परवेझला नजराणा द्यायचा म्हणून त्यानं दारूच्या बाटल्यांची पेटी दिली. खाजगीत बोलू, असं शहजाद्यानं सांगितलं. रो ताटकळत बसला. पुढे कळलं की शहजाद्यानं त्याच पेटीचा इतक्या तातडीनं समाचार घेतला की बोलण्याच्या अवस्थेत तो राहिलाच नाही. स्वतःचा रस्ता स्वतःच्या हातानं बंद करण्याचं इतकं नीटनेटकं उदाहरण दुसरं नसेल. त्यात रो तापानं आजारीही पडला आणि अजमेरला पोचेपर्यंत डिसेंबर संपत आला.

मिर्झाराजे जयसिंग दख्खनेतून परतताना 1667 मध्ये बऱ्हाणपुरातच वारले. औरंगजेब 1681 च्या अखेरीस इथं आला, काही महिने राहिला आणि दक्षिणेत उतरला. त्यानंतर पंचवीसएक वर्षं जगूनही त्याला उत्तरेचा परतीचा रस्ता काही लाभला नाही. आपल्याला मोरटक्क्याचा पूल बंद मिळाला तर आपण कपाळावर हात मारतो. सप्टेंबर 2023 मध्ये नर्मदेला पूर आला, पुलावरून पाणी गेलं आणि इंदूरची वाट तुटली, तेव्हा चिडचिड झालीच. पण या वाटेनं औरंगजेबालाही परत सोडलं नाही, हे आठवलं की आपला रुसवा जरा मवाळ होतो.

अडकलेल्या माणसाला खायला लागतं, झोपायला जागा लागते, घोड्याला नाल लागतो, हुंडी वटवायला सावकार लागतो. बऱ्हाणपूरच्या सराया, तिथला मांडा, दराबा, माव्याची जिलबी या सगळ्यांमागे कुणीतरी कंटाळून थांबलेला प्रवासी आहे. उद्या चौपदरी रस्ता पुरा होईल, घाटात बोगदे होतील, गाडी गावाबाहेरून वळसा घालून निघेल. इंदूरहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला मुक्ताईनगरच्या पुढे असेल आणि मागे पडलेलं गाव बऱ्हाणपूर होतं की शाहपूर, हे फोनला विचारील. कणसं भाजणाऱ्या बाईला तेव्हा पुढे सरकायला जागाच उरणार नाही. विकासाच्या आड येण्याइतकं हे दुःख मोठं नाही. हिशेबात धरावं इतकं मात्र नक्कीच आहे.

मुंबई–गोवा महामार्गावर अशीच वर्षानुवर्षं काढलेल्या कोकणी माणसांशी बोललो की एक गोष्ट लक्षात येते. रस्ता लवकर व्हावा, हे सगळेच छातीवर हात ठेवून म्हणतात. पण तो अर्धवट असताना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग करून घेणारे आपणच असतो. तेराव्याला पोचलो नाही : रस्ता. साखरपुड्याला जेवणं आटोपल्यावर आलो : रस्ता. कचेरीत अकराला सही केली, गुरुजी दुसऱ्या तासाला उगवले, मुलगी बघायला जायचं ठरवून आयत्या वेळी कच खाल्ली, मावशीचा फोन आला तरी महिनाभर गेलो नाही : रस्ता, रस्ता, रस्ता. आणि समोरचा शंकासुद्धा घेत नाही. उलट मान हलवून आपलीच अडचण तपशीलवार आपल्याला सांगतो. इतकं मजबूत, बारमाही, सगळ्या पक्षांना मान्य असलेलं कारण सरकारी खर्चानं पिढीला एकदाच मिळतं. घराघरातली कितीतरी नाती या कच्च्या रस्त्यानं पक्की राखली आहेत.

तो गुळगुळीत झाला की उशीर आपल्या नावावर जमा होईल. आलो नाही म्हणजे यायचं नव्हतं, एवढाच अर्थ उरेल. त्या दिवसाची तयारी आतापासून करायला हवी. मला वाटतं, "डोंगरात रेंज नव्हती" हे कारण आणखी काही वर्षं टिकावं. धोका एवढाच की रस्ता झाला की टॉवरचं सामानही त्याच रस्त्यानं येणार.