पाना उचलायचा कुठे, ठेवायचा कुठे

नागपूरच्या थंडीची उगाच बदनामी होते. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की गांधीबागेच्या गल्ल्यांत सकाळी ठरलेला क्रम ऐकू येतो. आधी सेल्फची घरघर, मग किकांचा मारा, मग शिवी. शिवी जाते थंडीला, आणि थंडीचा त्यात फारसा दोष नसतो.

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदले गेले. त्याआधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ चा होता, ३.९ अंश. शहराने पाहिलेली सगळ्यात कडक थंडीसुद्धा शून्याच्या वरच थांबली. एवढ्या थंडीत पेट्रोल गोठत नाही आणि धडधाकट मोटरसायकल हटून बसत नाही. गाडीचे खरे नुकसान आपला उन्हाळा करतो. २३ मे २०१३ ला याच शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या उन्हात बॅटरीतले पाणी आटते, रबर कडक होते, ग्रीस वाहून जाते. पावसाळा चेनला गंज चढवतो. आपण काही पाहत नाही, कारण गाडी चाललेली असते. थंडी फक्त हिशेब मागते.

बॅटरीपासून सुरुवात करू. २५ अंशांना बॅटरीची जी ताकद असते, ती शून्य अंशाला साधारण ८० टक्क्यांवर येते. नागपूरच्या पहाटे फार तर दहावा हिस्सा कमी होत असेल. त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट झालेले असते, म्हणजे कमी ताकदीत जास्त काम. नवी बॅटरी हे सहज पेलते, अर्धमेली बॅटरी बसते. त्यात गांधीबागेची गाडी जाते कुठे? दुकानातून इतवारीत, इतवारीतून मस्कासाथेत, तिथून परत. दहा मिनिटे चालली की बंद, पुन्हा सेल्फ. प्रत्येक सेल्फमागे खर्चलेली वीज परत भरायला इंजिनाला वेळच मिळत नाही. आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास रस्त्यावर काढा. वोल्टमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर निश्चिंत राहा. १२.४ च्या खाली असेल तर ती चार्ज करून घ्या. इंजिन चालू करून किंचित रेस दिल्यावर आकडा १४ च्या जवळ गेला नाही, तर दोष चार्जिंगमध्ये आहे आणि नवी बॅटरीसुद्धा महिनाभरात बसेल. पाणी भरायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचे पाणी नको, अॅसिड तर नकोच.

सेल्फचे बटण दाबून धरणारे आणखी एक नुकसान करून घेतात. पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि दोन प्रयत्नांत दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. किक असेल तर चावी बंद ठेवून आधी दोन-तीन किका मारा, म्हणजे ऑइल हलते. कार्बोरेटरची गाडी असेल तर चोक ओढा, कारण थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि मिश्रण दाट करावे लागते. गाडी लागली की मिनिटभरात चोक परत ढकला. चोक ओढलेलाच ठेवून चौक ओलांडणाऱ्यांचा प्लग चार दिवसांत काळा होतो आणि मग ते म्हणतात, थंडीने प्लग खराब झाला. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसले. तिथे चोकच नाही, सेन्सर पाहून मिश्रण कॉम्प्युटर ठरवतो. चावी लावल्यावर पंपाची गुणगुण थांबू द्या, मग सेल्फ मारा, रेस देऊ नका. बॅटरी पार उतरली असेल तर अशी गाडी ढकलून सहसा सुरू होत नाही, कारण पंप आणि कॉम्प्युटर दोन्हींना वीज लागते. गल्लीभर पोट्ट्यांना धावायला लावून काही होणार नाही.

आता इथेनॉल. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आज २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. वाफ व्हायला इथेनॉलला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणून थंड सकाळी कार्बोरेटरची जुनी गाडी आणखी कुरकुरते. ई-२० चालेल असे सुटे भाग बसवलेल्या गाड्या २०२३ पासून यायला लागल्या. त्याआधीची लाखो वाहने रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांना मराठीत, ठळक अक्षरांत, पंपावरच सांगायला हवे होते की जुनी पेट्रोलची नळी तपासा आणि अर्धी टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका. धोरण चांगले की वाईट हा वेगळा वाद आहे. ज्याच्या टाकीत नवे इंधन गेले त्याला आधी सांगणे, एवढा सभ्यपणा सरकार आणि तेल कंपन्या दोघांकडून अपेक्षित होता.

ऑइलच्या बाबतीत गल्लीतला सल्ला सगळ्यात घातक आहे. ‘थंडी आहे, पातळ टाका’ किंवा ‘काकांच्या कारचं उरलंय, तेच टाका’. डब्यावरच्या १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतली घट्टता सांगतो, दुसरा गरम इंजिनातली. तुमच्या गाडीला कोणता लागतो ते पुस्तिकेत छापलेले असते. नागपूरची थंडी सोसण्यासाठी तो बदलावा लागत नाही. कारचे ऑइल मोटरसायकलला चालत नाही, कारण आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. कारच्या ऑइलातली घर्षण कमी करणारी रसायने त्या क्लचला घसरवतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेले पाहा. नसेल तर डबा परत करा.

टायरची हवा दुपारी भरून घेणारे रोज सकाळी कमी हवेवर फिरतात. नागपूरच्या हिवाळ्यात दुपार २८ अंशांची आणि पहाट दहाची. एवढ्या फरकाने टायरमध्ये दोन-अडीच पौंड हवा कमी भरते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. चेनला पावसाळा संपल्यावर एकदा केरोसीनने धुऊन, पुसून ऑइल द्या आणि ढिलाई पुस्तिकेप्रमाणे ठेवा. बहुतेक गाड्यांत ती २० ते ३० मिलिमीटर असते. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये ऑइलचे चार थेंब सोडा. एअर फिल्टर झटका किंवा बदला. प्लग काढायचा तो इंजिन थंड असताना. बसवताना आधी बोटांनी फिरवून आटे बसू द्या, मगच पाना लावा. ॲल्युमिनियमचे आटे गेले की शंभर-दीडशेच्या प्लगपायी हजारोंचे हेड उतरवावे लागते.

एवढी कामे प्रत्येक मालकाला यायलाच हवीत, आणि ती शिकणे अवघड नाही. ज्या घरात बजाज चेतक होती, त्या घरात सगळ्यांना येत होती. स्कूटर एका बाजूला कलती करून पेट्रोल कार्बोरेटरात उतरवणे, प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, डिक्कीत एक जादा प्लग ठेवणे, हे तेव्हाच्या शिक्षकाला, कारकुनाला आणि कापडाच्या दुकानातल्या मुनीमजींना सारखेच ठाऊक होते. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि फोर-स्ट्रोक गाड्यांनी तो त्रास संपवला. त्रास संपला ते बरेच झाले. पण त्याबरोबर आपल्या गाडीची ओळखही संपली, आणि आज बटण दाबून गाडी लागली नाही की पदवीधर माणूस तिच्याकडे असहायपणे पाहत उभा राहतो.

आता दुसरी बाजू, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून ब्रेक उघडणाऱ्यांनो, तो पाना खाली ठेवा. डिस्क ब्रेकच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर लिव्हर हँडलला टेकते आणि गाडी थांबत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. ते उघडण्याची जागा अंगण नाही. पुढचा शॉकअप, हँडलचे बेअरिंग, इंजेक्शनची वायरिंग, इंजिनाचे व्हॉल्व्ह ही मिस्त्रीची कामे आहेत. चूक झाली तर चेनच्या कामात गाडी बंद पडते, ब्रेकच्या कामात माणूस जातो. सीए रोडवर मेट्रोच्या खांबांमधून गाडी काढताना पुढची बस अचानक थांबली, तर तुमच्या आत्मविश्वासाचा काही उपयोग नाही, ब्रेकचा आहे.

घरच्या कामातही चार गोष्टींना माफी नाही. पहिली, गाडी मधल्या स्टँडवर लावून, गिअरमध्ये चालू ठेवून चेनला फडके लावू नका. फडके चेन आणि दात्यांत ओढले जाते आणि त्यामागे बोटे जातात. चाक हातानेच फिरवा. दुसरी, शेकोटीजवळ पेट्रोलचे काम करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरकत जाते आणि पाच पावलांवरच्या निखाऱ्याला भेटते. डिसेंबरात आपल्या चौकाचौकांत शेकोट्या पेटतात आणि त्यांच्याच बाजूला लोक कार्बोरेटर धूत बसतात. तिसरी, गांधीबाग, हंसापुरीच्या जुन्या घरांत गाडी बोळात किंवा खालच्या खोलीत उभी असते. दार लावून ती तिथेच गरम करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद जागेत तो झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. गाडी आधी बाहेर काढा, मग सुरू करा. चौथी, बदललेले ऑइल गटारात ओतू नका. आपली गटारे शेवटी नाग नदीला जातात आणि नाग पुढे कन्हानला मिळते. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले, तिच्या शुद्धीकरणाच्या घोषणा ऐकायच्या आणि तिच्यातच काळे ऑइल सोडायचे, हा निर्लज्जपणा आहे. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. डब्यात साठवा आणि ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

गाडीवर बसणाऱ्याचेही पाहायला हवे. १० अंशांत ५० च्या वेगाने निघालात तर अंगाला साडेपाच अंशांचा गारठा लागतो. बधिर बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, म्हणून हातमोजे चैन समजू नका. आणि कानटोपी म्हणजे हेल्मेट नव्हे. थंडीत कानटोपीवर हेल्मेट बसत नाही म्हणून ते हँडलला लटकवून जाणारे रोज दिसतात. कानाला पातळ रुमाल बांधा आणि त्यावर आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट पट्टा लावून घाला. हेल्मेट नसल्याचा दंड १,००० रुपये आहे आणि परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. डोक्याची किंमत याहून खूप जास्त आहे.

पहाटे पाचला दूध घालणारा, पेपर टाकणारा, कॉटन मार्केटमधून भाजी उचलणारा, या सगळ्यांची रोजी त्या पहिल्या किकेवर असते. गाडी लागली नाही तर त्यांचा दिवस जातो. म्हणून कोपऱ्यावर पानेपेचकस मांडून बसणाऱ्या मिस्त्रीशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालू नका. शोरूमच्या बिलावर निमूट सही करणारा माणूस रस्त्यावरच्या कारागिराला मात्र ‘एवढे कशाचे?’ असे विचारतो. त्याच्या हाताला अंदाज आहे आणि तो तुमच्या वेळेला हजर असतो. त्या दोन्हींचे मोल द्या.

शेवटचा मुद्दा कंपन्यांसाठी. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली. पाऊल योग्य होते. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि गांधीबागेतल्या ग्राहकाच्या हातात त्यातून अजून काही पडलेले नाही. कित्येक नव्या मोटरसायकलींची किक काढली गेली. हत्यारांची पिशवी आक्रसत गेली. इंजेक्शनचा दोष वाचायचे यंत्र आणि दुरुस्तीचे सविस्तर पुस्तक अधिकृत केंद्राच्या दाराआड राहिले. गाडीचे पूर्ण पैसे मोजणाऱ्याला ती उघडायची माहिती मिळत नसेल, तर ती गाडी त्याची कशी?

मागण्या तीनच आहेत. प्रत्येक गाडीसोबत दुरुस्तीची पुस्तिका मराठीत आणि सोप्या चित्रांसह द्या. दोष वाचायचे यंत्र कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाही परवडेल अशा किमतीत विका. आणि शंभर-दीडशे सीसीच्या गाडीला किक परत बसवा.

तोवर तुम्ही एवढेच करा. या रविवारी सकाळी, उन्हात, घरातली पुस्तिका शोधून गाडीजवळ बसा. बॅटरी, प्लग, चेन, केबल, हवा, ही पाच कामे स्वतः करा. ब्रेक ढिला वाटला तर सोमवारी सगळ्यात आधी मिस्त्रीकडे जा.